स्नेअरवरचं पाकीट

मंगळवार, १४ मार्च १९६७. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी होसिया टॉलिव्हर ड्रमच्या स्टुलावरून उठला, "पाकीट गाडीत राहिलं वाटतं, आलोच," म्हणाला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. तो परत आला नाही.

पाकीट गाडीत नव्हतं. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

आमचा स्टुडिओ दक्षिण मेम्फिसमध्ये, फ्लोरिडा स्ट्रीटवर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात आहे. भिंतींत वीतभर जाड बुचाचा थर भरलेला आहे. वितळलेलं पाणी जावं म्हणून फरशीला चारी बाजूंनी मध्याकडे उतार, आणि उताराच्या तळाशी लोखंडी जाळी. ड्रम त्या जाळीवर मांडलेले असतात. ऑगस्टमध्येसुद्धा तिथे घोट्याला गारवा लागतो.

होसिया पाच वर्षं तिथे बसला. त्याआधी तो नवव्या वर्षापासून चर्चमध्ये वाजवत होता, मग फौजेच्या बँडमध्ये, मग बील स्ट्रीटवरच्या क्लबांत. आमच्याकडे गाणारे येत आणि जात; स्टुलावर होसियाच असे. स्नेअर, म्हणजे तळाला तारा लावलेला मधला ड्रम, फार खणखणू नये म्हणून तो त्यावर आपलं पाकीट ठेवायचा. तपकिरी, कमरेच्या आकाराला वाकलेलं, एका कोपऱ्यावर सिगारेटचा डाग. पाकीट ठेवलं की तो मान हलवायचा आणि मालक मिस्टर प्रेंटिस टेप सुरू करायचे. ध्वनिमुद्रणही तेच करतात, काचेपलीकडच्या खोलीतून.

मीही ड्रमरच आहे. अर्विन मेबरी. पण त्या इमारतीत माझ्या हातात खंजिरी असायची. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर होसियाचा स्नेअर, आणि त्याच क्षणी माझी खंजिरी. होसियाचा ठोका मात्रेवर पडत नसे, केसभर मागे पडायचा. लोक त्या केसभर उशिरावर नाचायचे. मलाही तेवढाच उशीर करावा लागे. दुसऱ्याच्या उशिराची अचूक नक्कल करण्याचं काम मी पाच वर्षं केलं. बास गिटार वाजवणारा अलोन्झो मला खुळखुळ्या म्हणायचा.

"खुळखुळ्या, आज हात धुऊन आलास का? ड्रमला लागायचे नाहीत म्हणा तुझे."

सगळे हसायचे. होसिया हसायचा नाही. तो म्हणायचा, "अर्विन चांगला वाजवतो. एक दिवस बसेल तो इथे." हे मला अलोन्झोच्या टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

त्या सकाळी सिगारेटच्या सुट्टीत मी एकटाच आत होतो. पाकीट उचललं. पाकिटावाचून होसियाचा ठोका कसा लागतो, एवढंच मला सगळ्यांना ऐकवायचं होतं. एक टेक, म्हणजे टेपवर एकदा वाजवणं. मग ते स्टुलाखाली "सापडलं" असतं.

अकराला अलोन्झो गल्लीत पाहून आला. होसियाची प्लिमथ उभी होती, किल्ली लावलेली, चालकाचं दार उघडं. डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या सगळ्या वस्तू काढून सीटवर ओळीने मांडल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी मासे तळणाऱ्या बाईने कोणालाही जाताना पाहिलं नव्हतं.

पोलीस दोनदा आले, दोन्ही वेळा गोरेच. "शिकागोला गेला असेल," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "तुमच्यातले सगळे तिकडेच जातात."

"गाडी न घेता?" अलोन्झोने विचारलं. पोलिसाने वही मिटली.

त्याच मंगळवारी दुपारी एक वाजता प्रेंटिस माझ्याकडे वळले. गायिका नॅशव्हिलहून आली होती, थांबणार नव्हती. "अर्विन, बस."

मी बसलो. माझं पाकीट स्नेअरवर ठेवलं.

"पत्रा वाजतोय," प्रेंटिस काचेमागून म्हणाले.

पाकीट सरकवलं. दुमडून ठेवलं. चौथ्या टेकनंतर त्यांनी मान खाली घातली. ती खाली घातलेली मान पाहिल्यावर मी बाथरूममध्ये गेलो, होसियाचं पाकीट रुमालात गुंडाळलं आणि येऊन स्नेअरवर ठेवलं. पाचवा टेक त्यांनी ठेवला. अलोन्झोने पूर्ण गाणं स्वतःच्या बुटांकडे बघत वाजवलं.

त्यांनी टेप परत लावली. शेवटी प्रेंटिस म्हणाले, "तू त्याच्यासारखा मागे कधीपासून मारायला लागलास?"

मी मागे मारलं नव्हतं. मी मुद्दाम मात्रेवर मारलं होतं. त्याची नक्कल करायची नाही, हे ठरवूनच बसलो होतो.

नोकरी मला मिळाली. दोन महिन्यांत अकरा गाणी झाली. प्रत्येक टेपवर ठोका केसभर मागे. लोक म्हणत, अर्विनने होसियाला पुरतं उचललंय. मी रोज संध्याकाळी रुमालाची गुंडाळी माझ्या कपाटात कुलूपबंद करायचो. सकाळी काढताना ती कोमट असायची, आत्ताच कोणाच्या तरी खिशातून काढल्यासारखी. माझं कपाट बाहेरच्या भिंतीला आहे, पाइप जवळ नाहीत. मी तपासलं.

शनिवारी, ८ एप्रिलला दुपारी दोन वाजता होसियाची बायको ओरलीथा आली. त्याच्या काठ्या आणि जॅकेट न्यायचं होतं. चर्चला जाताना घालायची ती टोपी घालून आली होती. प्रेंटिस काचेमागे सकाळचं गाणं ऐकत होते. ती दारातच थांबली.

"हे कधीचं?"

"आजचं, वहिनी," मी म्हणालो. "मीच वाजवलंय."

तिने पुढची दोन कडवी उभ्यानेच ऐकली.

"तो काहीतरी शोधतोय," ती म्हणाली. "घरात एखादी वस्तू सापडली नाही की टेबलावर असाच डाव्या हाताने आपटायचा. शब्द बोलायचा नाही. नुसता आपटायचा."

"वहिनी, बसा जरा. पाणी आणू?"

"पाकीट मिळालं का रे, अर्विन? दुसरं काही नको. त्याच्या आईचा फोटो आहे त्यात. तेवढा एकच आहे."

स्नेअर आमच्यापासून दहा पावलांवर होता. रुमाल त्याच्यावरच होता. पाकीट मी दिलं असतं तर सोमवारी पुन्हा खंजिरी हातात आली असती.

"नाही," मी म्हणालो.

अलोन्झो बासच्या तारा पुसत होता. त्याचा हात थांबला. मग पुन्हा पुसायला लागला. त्यानंतर त्याने मला खुळखुळ्या म्हटलं नाही. कशानेच हाक मारली नाही.

मे महिन्यात ठोका जोरात पडायला लागला. प्रेंटिसनी माइक दोनदा मागे सरकवला. मी हलक्या हाताने वाजवायचो, टेप लावली की काच थरथरायची. माणसाचा कान त्याला हवं ते ऐकतो, हे मी मान्य करतो. म्हणून २६ मेला, सकाळी अकरा वीसला, मी एक चाचणी घेतली. दुसरं कडवं सुरू झाल्यावर उजवा हात चालू ठेवला. डावा उचलला.

डावी काठी माझ्या मांडीवर होती.

दोनवर स्नेअर वाजला.

चारवर वाजला.

रुमाल जागच्या जागी किंचित दबला आणि वर आला.

मी अलोन्झोकडे पाहिलं. तो माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. त्याने वाजवणं थांबवलं नाही. मीही नाही. गाणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं आणि ते आमचं आजवरचं सगळ्यात चांगलं गाणं झालं.

पुढच्या मंगळवारी प्रेंटिसनी मला काचेमागे बोलावलं. टेपचे चार ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या चार पट्ट्या, असतात. त्यांनी तीन बंद केले, फक्त ड्रमचा ठेवला.

"ही कोणी वाजवली?"

"काय?"

"ऐक."

स्नेअर होता. आणि त्याच्या बरोबर, त्याच केसभर उशिराने, खंजिरी होती.

"त्या दिवशी खोलीत खंजिरीवाला नव्हता," प्रेंटिस म्हणाले. "मी मागच्याही काढून पाहिल्या. १४ मार्चपासूनच्या सगळ्या. सगळ्यांत आहे, बारीक. आता मोठी होत चाललीय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्विन, हा हात मला माहीत आहे. पाच वर्षं ऐकलाय."

मलाही माहीत होता. चौथ्या मात्रेनंतर अंगठा कातड्यावरून निसटतो आणि एक झांज जास्तीची वाजते. ती खोड मला कधी मोडता आली नाही.

म्हणजे टेपवर तो ड्रम वाजवतो. मी खंजिरी.

काल मी पाकीट रुमालातून काढलं आणि पहिल्यांदाच उघडलं. त्यात लायसन्स आहे, युनियनचं कार्ड आहे, चर्चच्या जेवणाचं एक जुनं कूपन आहे. फोटोचा कप्पा रिकामा आहे. तो काढलास का, असं मी अलोन्झोला विचारलं नाही. ओरलीथाकडे गेलो. तिने दार अर्धंच उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "फोटो मिळाला. सकाळी टेबलावर होता." मग थोडं थांबून म्हणाली, "तो अजून आपटतोय, अर्विन. फोटो त्याला नकोच होता."

आज शुक्रवार, २ जून. दहाचं सेशन आहे. मी नऊलाच आलो, कोणी नव्हतं. माझी खंजिरी ड्रममागच्या खिळ्याला टांगलेली आहे. १४ मार्चपासून मी तिला हात लावलेला नाही. खाली काढून उजेडात धरली. कडेवर, झांजांवर, कातड्यावर अडीच महिन्यांची धूळ सारखी बसली आहे.

अंगठ्याच्या जागी नाही.