डाव्या कानाची तपासणी

ही घटना खरी आहे. भुताच्या गोष्टीला सहसा सरकारी कागद जोडलेला नसतो. हिला आहे.

फेब्रुवारी १९७५. हुबळी. वेळ सकाळी अकराची. रात्रीपर्यंत थांबायला लष्करी डॉक्टरांना सवड नव्हती.

दाजीबानपेठेतला नायक धोंडिबा रजेवर घरी आला होता. पलटणीत चौदा वर्षं झालेली. पेन्शनला पंधरा लागतात. मध्ये आडवा आला डावा कान. एकाहत्तरच्या लढाईनंतर तो ठार बहिरा झाला होता. आता बेळगावहून लष्करी डॉक्टर, मेजरसाहेब, शेवटच्या तपासणीला आले होते. पास झाला तर पलटण. नापास झाला तर घरी, रिकाम्या हातानं.

तपासणी साधी. जवानानं डॉक्टरांकडे पाठ करून उभं राहायचं. वीस फुटांवरून डॉक्टर कुजबुजतात. ऐकलेला शब्द मोठ्यानं म्हणायचा. दुसरा कान मदतनीस बोटानं दाबून धरतो.

आठवडाभर बायको, कमल, सराव म्हणून माजघरातून कुजबुजत होती.

"अहो, काय म्हटलं मी?"

"कधी?"

"आत्ता, तीनदा. नवरा बायकोचं ऐकत नाही हा रोग असतो, हे मला आज कळलं!"

शेवटी धोंडिबानं डॉक्टरांचा मदतनीस पद्मनाभ याला गाठलं. अर्धा किलो धारवाडी पेढे पुढे केले.

"चिंती माडबेड्री, अण्णा," पद्मनाभ म्हणाला. "काळजी सोडा. उजव्या कानावर बोट ठेवतो, दाबत नाही. साहेबांना मागून काय दिसतंय?"

तपासणीच्या खोलीत धोंडिबा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बोट कानावर आलं. सैल.

शांतता...

मग आवाज आला. अगदी जवळून.

"पाणी."

"पाणी!" धोंडिबा म्हणाला.

"धोंड्या... पाणी."

धोंडिबाला धोंड्या म्हणणारा एकच होता. अमरगोळचा रामचंद्र, त्याच्याच पलटणीतला.

आणि आवाज उजव्या कानात नव्हता...

डाव्यात होता.

"नायक धोंडिबा," मागून मेजरसाहेब म्हणाले, "मी अजून सुरुवात केलेली नाही."

एकाहत्तरच्या डिसेंबरात रामचंद्र काटेरी तारेपलीकडे पडला होता. पोटात गोळी. पाणी मागत तिथंच गेला. चौकशीत धोंडिबानं सांगितलं, स्फोटानं डावा कान बंद झाला होता, हाक ऐकू आली नाही.

खोटं होतं. कान ठणठणीत होता. चार हाका आल्या होत्या. प्रत्येक हाकेला त्यानं डोकं खंदकात आणखी खाली घातलं होतं.

आठ दिवसांनी कान खरोखरच गेला. का, ते कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नाही.

आता मेजरसाहेब कुजबुजू लागले. उजव्या कानात काहीच नाही. डाव्यात एकेक शब्द स्वच्छ.

"खिडकी."

"खिडकी!"

"कंदील."

"कंदील!"

रामचंद्र सांगत होता, धोंडिबा म्हणत होता. गप्प बसायचं म्हणून त्यानं दात आवळले...

तोंड म्हणतच राहिलं.

बाहेर पद्मनाभनं हात जोडले. "अण्णा, रागावू नका. साहेब जवळ आले, म्हणून मी बोट घट्ट दाबलं. तरी तुम्ही सगळं बरोबर सांगितलंत!"

धोंडिबा उलटपावली आत धावला. पेन्शन गेली खड्ड्यात.

"साहेब, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. नापास लिहा!"

मेजरसाहेबांनी जुनी फाईल चाळली.

"एकाहत्तरला हेच म्हणाला होतास. तेव्हा मानलं." त्यांनी तपासणीच्या कागदावर शिक्का उमटवला. "कान उत्तम आहे. दहापैकी दहा. परत त्याच ठाण्यावर."

"त्याच?"

"तिथली एक जागा रिकामी आहे."

आठ दिवसांनी, भर दुपारी, हुबळी स्टेशन. धोंडिबा डब्यात बसला. कमल खिडकीच्या गजांना धरून उभी.

"पोचल्यावर पत्र टाका. आणि जेवणाची हयगय करू नका."

डाव्या कानाला गार श्वास लागला...

"टाकतो" म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"वाट बघू नकोस," तोंड म्हणालं.

कमलचे हात गजांवरून सुटले. धोंडिबानं दोन्ही तळव्यांनी तोंड गच्च दाबलं. गाडी हलली.

तळव्यांआडून तोंड बोलतच होतं. कमल चार पावलं गाडीबरोबर धावली. तिला पुढचंही ऐकू आलं...

ते ती अजून कुणाला सांगत नाही.