वेगळ्या दाराची खोली

"वैनी, दवाखाना सोडा, नाईतर घर सोडा!"

खुशालरावाने मनकर्णाबाईचं गाठोडं ओट्यावर आणून टाकलं... ज्या पोरक्या दिराला तिने सहाव्या वर्षापासून पोटाशी धरलं, ज्याच्यासाठी ऐन तारुण्यात वैधव्य येऊनही माहेरची वाट धरली नाही, तो आज तिच्या डोळ्यांत पाहायलाही तयार नव्हता!

एकोणीसशे अठराचं ते साल. दिवाळीच्या तोंडावर तापाच्या साथीने अमरावतीत घरंच्या घरं ओस पडत होती, आणि मनकर्णाबाई दवाखान्यात आया म्हणून कामाला जाते, म्हणून त्यांच्या मळ्यातली वांगी-मेथी बाजारात कोणी हातात घेईना.

"घरात लेकरू हाय, बाई," दाराआडून त्याची बायको शकुन पुटपुटली.

"मले का मालूम नाई? रोज न्हाऊमाखू कोन घालते तिले?" मनकर्णाबाई वैतागून म्हणाली. "बरं बाबा, ऱ्हा सुखानं!"

गाठोडं काखेत मारून ती तडक दवाखान्यात आली, तर तिथे आणखीच डोकं फिरायची वेळ! आठ वर्षं ती जिथे हत्यारं उकळत होती, त्या शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर महादेवरावांनी तापाच्या खाटा लावल्या होत्या, आणि भातकुलीहून चिरडलेला पाय घेऊन आलेल्या माणसाला आल्या गाडीने परत धाडलं होतं.

"डाक्टरसाहेब, ताप आला म्हनून लोकाइचे हातपाय मोडाचे थांबले काय?"

"मग काय करू, मनकर्णाबाई? जागा नाही, माणसं नाहीत!" डॉक्टरही कावले होते.

"मांगची सामानाची खोली हाय ना! तिचं दार अलग हाय. मी देतो साफ करून."

मोडक्या खाटा बाहेर निघाल्या, भिंतींना चुना लागला, टेबल आत आलं. इथे काम करणाऱ्याने तापाच्या खोल्यांकडे फिरकायचं नाही, तोंडाला चारपदरी फडकं बांधायचं, नातेवाइकांनी बाहेर बसायचं... नियम डॉक्टरांनी घातले, पण लोकांच्या शिव्या खाऊन ते पाळवून घेतले तिनेच! भातकुलीच्या माणसालाही तिने निरोप धाडून परत आणवलं. त्याचा पाय गेला, पण जीव राहिला.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, शकुन बैलगाडीतून आक्रोश करीतच उतरली. गाडीत खुशालराव तळमळत होता. जुनं अंतर्गळ अडकून त्याचं आतडं पिळलं गेलं होतं.

"बाई, वाचवा जी यायले!"

"कवापासून दुखते?"

"काल सकायपासून..."

"अन् आज आनून राह्यली? काहून?"

"तेच म्हनत, कोन्या तोंडानं जाऊ वैनीपुढं..."

"लाजेपायी मराले निंगाला होता काय हा!" मनकर्णाबाई कडाडली आणि हत्यारं उकळायला आत धावली.

भूल देणारा कंपाउंडर सकाळीच तापाने आडवा झाला होता. डॉक्टरांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि क्लोरोफॉर्मची बाटली तिच्याच हाती दिली. थेंब कमी पडला तर तो टेबलावरच जागा होणार, जास्त पडला तर पुन्हा कधीच नाही! एका हाताने त्याच्या नाकावरच्या फडक्यावर थेंब सोडीत, दुसऱ्या हाताने नाडी धरून ती तासभर उभी होती... जणू तिचा स्वतःचा प्राणच त्या मनगटात धडधडत होता!

दिवस कलता कलता खुशालरावाने डोळे उघडले.

"वैनी... म्या तुमाले घराबाहेर काढलं. अन् तुमी..."

"गप पड."

"घरी चाला, वैनी."

"अन् इथं कोन पाह्यन? उद्या दोन आपरेशनं हायेत. साथ सरू दे, मंग येतो."

"तुमी नाई आल्या तं म्या बी जात नाई!" एवढा बाप्या माणूस, पण लहानपणीसारखा हुंदके देऊ लागला. दाराबाहेर शकुन पदर तोंडात कोंबून उभी होती.

"अरे, रडू नको! टाके तुटतीन तुये!" मनकर्णाबाई खेकसली आणि घाईघाईने पाठ फिरवून तिने तोंडावरचं फडकं सोडलं. ते चारही पदर चिंब भिजले होते.