अडवलेली घोडी

ही गोष्ट १९६६ सालची. अमरावतीच्या अनुपमाला तेव्हा एकोणिसावं लागलं होतं, आणि मामांनी कलकत्त्याहून पाठवलेल्या लाल इलेक्ट्रिक गिटारीवर तिचा भारी जीव होता. गिटारीत खोट एकच. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी हलती होती. तिची दांडी दाबली की सूर छान लहरत; पण एखादी तार तुटली की आतल्या स्प्रिंगा घोडीला मागे ओढत आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होत.

असे दोन कार्यक्रम फसले. ऑर्केस्ट्रा तिच्या आतेभावाचा, हेमचंद्रचा. तो म्हणाला, "अनू, अकोल्याच्या चंद्रभानकडे पक्क्या घोडीची गिटार आहे. अदलाबदलीला तो तयार आहे. रविवारी त्याच्याच कापसाच्या जिनिंगमध्ये आपला कार्यक्रम. तिथे ही पुन्हा बिघडली, तर देऊनच येऊ."

"घोडी अडवून टाकली तर?"

"पाय बांधले म्हणून घोडी खुंटा होते का गं?"

अनुपमा तडक अंबागेटला नत्थुजी सुतारांकडे गेली.

"काका, घोडी फार हलते."

"हालते त दाणा कमी टाक, बाई," रंध्यावरून मान न उचलता नत्थुजी म्हणाले. मग गिटार दिसली आणि स्वतःच खो खो हसले.

त्यांनी गिटारीचं मागचं झाकण उघडलं. घोडीखालचा लोखंडी ठोकळा पोकळीत मोकळा हलत होता. दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या की झालं. कोपऱ्यातली बंगईची जुनी फळी त्यांनी ओढली. "सागाची हाय, फुगत नाई. रुखमा गेली तवापासून पडून हाय."

"काकूंची बंगई कापता?"

"मंग? मले का या वयात झोके घ्याचे हायेत?"

हलणारी वस्तू थांबवायला झोक्याचं लाकूड घेतलं, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

घरी येऊन अनुपमाने दांडी काढून ठेवली आणि मुद्दाम एक तार तोडून पाहिली. बाकीच्या पाचही सुरात! आनंदाने तिने आईलाच गरगर फिरवलं. मग नवी तार चढवून एक सूर लांबवला.

सूर हलला.

थरथरला नाही, हलला. सावकाश वर, सावकाश खाली. तिने घोडीवर अंगठा दाबला. दगडासारखी घट्ट. घड्याळ समोर ठेवलं. एका हेलकाव्याला तीन सेकंद. दर सातव्या हेलकाव्याला बारीकसा रेटा बसे आणि विझत आलेला सूर पुन्हा ताजा होई.

शेवटी तिने तळव्याने तार दाबली.

रविवारी दुपारी चार वाजता अकोल्याच्या जिनिंगचं आवार भरून गेलं होतं. उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. पहिल्याच गाण्यात अनुपमाची तार तुटली. हेमचंद्रने डोळे मिटले. पण उरलेल्या पाच ढळल्या नाहीत. तिने हसून लांब सूर घेतला.

पुढच्या रांगेतल्या बाया डुलू लागल्या. पुढे, मागे. सगळ्या एकदम.

"दांडी नको दाबू!" हेमचंद्र कुजबुजला.

"दांडी घरी आहे."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं.

कार्यक्रम दणक्यात झाला. चंद्रभानने कौतुकाने तिच्या गिटारीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"अदलाबदल राहू द्या," तो म्हणाला. "माही रिकामी हाय. मले तेच बरी."

परतल्यावर अनुपमाने नत्थुजींना सगळं सांगितलं. सातव्या झोक्याशी रंधा थांबला.

"जमिनीले पाय मारे रुखमा," ते म्हणाले. "सातव्यालेच."

रंधा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "हासते का मधात?"

हेमचंद्र पुढे बँकेत लागला आणि खामगावला स्थायिक झाला. चंद्रभान म्हातारपणीही लग्नांत वाजवायचा. त्याची गिटार शेवटपर्यंत सरळ सुरात राहिली. नत्थुजी १९७३ च्या उन्हाळ्यात गेले. त्या दिवसापासून सातव्या झोक्याला दोन रेटे बसतात, दुसरा जरा जड. अनुपमाने शाळेत संगीत शिकवलं, संसार केला, आता नातवंडांत रमते. गिटार तिने कुणाला दिली नाही. आतल्या दोघांचं छान चाललंय, असं ती हसत सांगते.

हल्ली फक्त तार छेडावी लागत नाही.