विमान एक, शाबूत

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण श्रिया नुकती डोळे मिटत होती, आणि नऊ महिन्यांच्या पोरीची झोप मी मिनिटांनी मोजते.

देवासच्या आमच्या गल्लीतली निम्मी पार्सलं मीच घेते. बाकीच्या बायका नोकरीला, मी घरी. घंटी वाजली की पोरगी उठते आणि दिवेलागणीपर्यंत रडते, म्हणून मी घंटीला फडकं बांधलंय. कूरियरवाला जे पुढे करेल त्यावर सही करते आणि दार लावते.

त्या दिवशी फाटकाची कडीसुद्धा वाजली नाही. नुसता पेट्रोलचा वास आला... आणि पायरीवर एक बाई उभी. मे महिन्यात अंगात चामड्याचा कोट, कोटाखाली नऊवारीचा काष्टा, कान झाकणारी टोपी, कपाळावर चढवलेला जाड चष्मा. घामाचा थेंब नाही.

"सही करावी, बाई," ती हळू म्हणाली. "विमान एक. शाबूत."

मला वाटलं, शेजारच्या चिंटूचं खेळणं.

"ओटीपी?" मी कुजबुजले.

"ते ठाऊक नाही... ठाण्यावर कुणीच नाही हो. किती फेऱ्या मारल्या..."

आत श्रिया कुशीवर वळली. मी तिनं पुढे केलेल्या पावतीवर झटकन सही केली. बाईनं असा श्वास सोडला की आतल्या पाळण्यावरचं चिमणाळं हललं.

"सुटले," ती म्हणाली. मी पेन ठेवून वळले, तर पायरी रिकामी. खेळणंही नाही.

संध्याकाळी सासूबाई गच्चीवरून तणतणत उतरल्या. "सूनबाई, वर तेल कुणी सांडलं? कुरडया काळ्या झाल्या माझ्या."

समोरच्या तात्यासाहेबांना त्या बाईबद्दल विचारलं. त्यांचं वय पंच्याण्णव.

"मोठ्या लढाईत काही बायका विमानं पोचवीत," ते म्हणाले. "कारखान्यातून न्यायचं, फौजेच्या ठाण्यावर द्यायचं, पावतीवर सही घ्यायची. सही नाही तर सुटका नाही. ही कॉलनी तेव्हा नुसता माळ. एक बाई इथं उतरायची. शेवटच्या खेपेला उतरलीच नाही." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू सही केलीस?"

"केली."

"मग विमान तुझं. वाचून करावी गं सही. सातवी झालीयेस ना?"

आमचे हे, भूपेंद्र, पोट धरून हसले. "लोकांच्या बायका मिक्सर मागवतात." दुसऱ्या दिवशी चार दहाला छत घरघरलं. तेव्हापासून दुपारी ते दुकानातून घरी येत नाहीत.

विमानाचं मला काही नाही. गच्ची मजबूत आहे. पण श्रिया आता त्या वेळी रडत नाही. मी रोज ठरवते, आज डोळा लागू द्यायचा नाही... आणि बरोबर चार दहाला लागतो. पाचला जाग येते तेव्हा ती पाळण्यात हसत असते. केस वाऱ्यानं उभे, झबल्याला पेट्रोलचा वास, गालावरची तीट पुसलेली. आणि डोळ्यांभोवती दोन गोल वळ... जाड चष्म्याचे.

म्हणून वाचणाऱ्यांनो, पुढे सांगा. कुणाचं कुणी फौजेत असेल तर कळवा, आपलं विमान घेऊन जा म्हणावं. पाहिजे तिथे सही देते, आता वाचून देईन.

फक्त पाचनंतर या. त्याआधी ते बाहेर असतं.