आकाशदिव्यांच्या वर

बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, मंगला गौरीच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत शिवरामशास्त्रींचं घर आहे. त्याच्या गच्चीवर, जिथे पूर्वी पापड वाळत, तिथे आता रडारची चपटी पेटी, दोन कॅमेरे आणि एक अँटेना उभी होती. माकडांनी पहिल्याच दिवशी वायर पळवली, तेव्हा शास्त्रीबुवांनी मुलीला सुनावलं होतं, "तुझ्या सेन्सरला आधी हे बंदर दिसू देत, मग ड्रोन बघ."

ईशानी हसली, पण हटली नाही. शहरावर ड्रोनांची नुसती झुंबड उडालेली; लग्नवाल्यांचे, पोलिसांचे, रील काढणाऱ्यांचे. प्रत्येकाने रेडिओवरून आपली ओळख सांगायची, न सांगणाऱ्याला रडारने हुडकायचं आणि सगळ्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, ही यंत्रणा तिने उभी केली होती. तिचा जीव मात्र एकाच ड्रोनमध्ये अडकला होता. तो गंगेपलीकडे पडावच्या इस्पितळात रक्त नेणार होता. दोन वर्षांपूर्वी तिची आई तिथेच, तिसऱ्या मजल्यावर, रक्ताची वाट बघत गेली. रक्त निघालं होतं, पण राजघाटच्या पुलावर जाममध्ये अडकलं. हा हवाई मार्ग सुरू केल्याशिवाय ईशानी गप्प बसणार नव्हती. आता फक्त चाचणी उरली होती. ड्रोन न थांबता पलीकडे पोचला तरच परवानगी मिळणार होती.

कार्तिक लागला आणि पंचगंगेपासून बालाजीपर्यंत आकाशदिवे चढले. उंच बांबू, त्याच्या टोकाला दोरीने ओढून नेलेली परडी आणि परडीत दिवा, गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. शास्त्रीबुवाही रोज दिवेलागणीला पत्नीच्या नावाने एक चढवत. ईशानीने हे सगळे बांबू यंत्रणेला नीट ओळखून दिले. त्यांच्यापायी अडचण येऊ नये, इतकाच हेतू.

पहिल्याच संध्याकाळी शास्त्रीबुवांच्या दिव्याच्या जरा वर रडारला काहीतरी दिसलं. पडद्यावर एक ठिपका. रेडिओवर ओळख नाही. कॅमेऱ्यात नुसतं आकाश. शेजाऱ्यांच्या दिव्यावरही तसाच एक होता. तिने सगळा घाट पडद्यावर घेतला. प्रत्येक दिव्यावर एकेक ठिपका होता, अगदी स्थिर.

वटवाघळं असतील, बांबू हलत असतील, असं म्हणत तिने पेटीची जागा बदलली, मग पेटीच बदलली. काही उपयोग झाला नाही. ठिपके दिवा चढला की येत आणि विझला की जात. बाकीचे दिवे वाटेच्या बाजूला होते, पण शास्त्रीबुवांचा दिवा नेमका वाटेत होता. रक्ताचा ड्रोन सरावात तिथे येऊन थबके आणि माघारी फिरे.

"बाबा, आज आपली टोकरी चढवू नका," ती म्हणाली. "दिव्यामुळेच होतंय का, बघायचंय."

"कार्तिकात खंड पडत नाही, बेटा."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तुझ्यासाठी एक दिवस. तिला कोण सांगणार?"

पण लेकीच्या हट्टापुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं. त्यांनी दोरी खुंटीला गुंडाळली आणि आत जाऊन बसले.

अंधारून आलं. आजूबाजूचे दिवे चढले. त्यांच्या उघड्या बांबूपाशी ठिपका आलाच. थोडा वेळ थांबला. मग खाली उतरला.

तो घाटाच्या पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत गेला आणि परत आला. शेजारच्या दिव्यापाशी गेला, तिथे आधीच एक होता, म्हणून मागे सरला. शेवटी त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन थांबला. ईशानी उठून खाली गेली नाही. तिची हिंमतच झाली नाही.

पण वरची वाट मोकळी झाली होती. तिने मन घट्ट केलं आणि ठरवलं की चाचणी होईपर्यंत दिवा चढवायचा नाही. बाबांनी ऐकून घेतलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. पडावला एक बाळंतीण अडली होती, त्यामुळे ड्रोनमधल्या रक्ताच्या पिशव्या खऱ्या होत्या. दिवस मावळता मावळता तो घरावर आला. त्याच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

खिडकीशी कालपासून थांबलेला ठिपका हलला.

हळूहळू वर चढला आणि ड्रोनच्या मागे लागला.

ईशानीचं बोट ड्रोन माघारी बोलावणाऱ्या बटणावर होतं. ते दाबलं असतं तर रक्तही परत आलं असतं. तिने बोट काढून घेतलं.

ठिपका जवळ गेला नाही. ड्रोनांनी जेवढं अंतर राखावं असं तिने ठरवून दिलं होतं, तेवढंच राखून तो नदीवर गेला. पडद्यावर अक्षरं उमटली: अंतर सुरक्षित.

पलीकडून रोहनचा फोन आला. इस्पितळाच्या गच्चीवर ड्रोन उतरवून घेणं त्याच्याकडे होतं.

"उतरला, मॅडम. पिशव्या आत गेल्या. परवानगीला साहेब हो म्हणाले."

ईशानीला रडू फुटलं.

"पण दुसरा कुणाचा आहे?" रोहनने विचारलं. "गच्चीवर उतरतच नाहीये."

"कुठे आहे?"

"तिसऱ्या मजल्यावर, एका खिडकीबाहेर. स्क्रीनवर आहे, पण वाकून बघितलं तर काहीच नाही."

कोणती खिडकी, हे ईशानीने विचारलं नाही.

"एक मिनिट," रोहन म्हणाला. "आतून कुणीतरी खिडकी उघडतंय."