चंद्रावरचा दुसरा द्वारपाल

शाल्मलीने हातातल्या छोट्या यंत्रावर उमटलेले सहा आकडे टाईप केले, नीट तपासले आणि मगच पाठवले. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'प्रवेश नाकारला. एक संधी शिल्लक.'

तिला रडूच कोसळलं. चंद्रावरच्या काचगृहात सहावीच्या वर्गाची वालाची रोपं होती आणि या आठवड्यात पाणी द्यायची पाळी तिची होती. रोपांना जंतूंपासून जपायचं म्हणून तिथे माणसांना मज्जाव होता. नळ उघडायचा तो पृथ्वीवरून, लॉगिन (दूरच्या संगणकात ओळख पटवून शिरणं) करून. पाचच्या आत पाणी मिळालं नाही तर कोवळी रोपं माना टाकणार होती, आणि तिसऱ्यांदा आकडा चुकला की दार उद्यापर्यंत बंद. आत्ता चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"सकाळी उघडलं होतं, आबा. मनात आलं की उघडतं, नाही तर नाही."

आबा म्हणजे तिचे आजोबा. अंतराळयानांशी संपर्क ठेवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. "यंत्राला मन कुठलं आलंय? ते लहरी वाटलं की समजावं, त्याचा नियम आपल्याला कळलेला नाही. पाण्याची वही आण."

वहीत प्रत्येक लॉगिनची वेळ होती. सकाळी एकदाही अडलं नव्हतं. चारनंतर मात्र कधी पहिल्याच फटक्यात जमलं होतं, कधी तिसऱ्या फटक्यात.

"चारला काय होतं?" आबांनी विचारलं.

"शाळा सुटतात. सगळी मुलं आपापली रोपं बघायला लॉगिन करतात."

"म्हणजे गर्दी. मग एका सर्व्हरला (येणाऱ्यांना आत घेणाऱ्या संगणकाला) झेपत नाही, दुसरा जोडीला येतो. दारावर दोन द्वारपाल. पहिला तुला ओळखतो, मग दुसऱ्याचं काय बिनसलंय? तुझ्या हातातलं यंत्र आकडा कशावरून बनवतं?"

"गुप्त खूण आणि घड्याळातली वेळ यांवरून. दर अर्ध्या मिनिटाला नवा."

"द्वारपालही तीच खूण आणि स्वतःचं घड्याळ घेऊन आकडा बनवतो. दोन्ही जुळले की दार उघडतं."

"मग चंद्रावर पोचेपर्यंत माझा आकडा शिळा होत असेल."

"सव्वा सेकंदच लागतो. तेवढी सवलत असते. शिवाय तसं असतं तर सकाळीही अडलं असतं."

शाल्मली हिरमुसली, पण विचार करायची थांबली नाही. खूण तीच, आकडा मात्र वेगळा. "आबा, दुसऱ्याचं घड्याळच चुकलं असेल."

आबा खूश झाले आणि त्यांनी थेट चंद्रतळाला फोन लावला. तिथले संगणक वेंगुर्ल्याचे शिवराम परब सांभाळत. "परब, दोन्ही सर्व्हरांची घड्याळं वाचून दाखवा."

"एकात चार पस्तीस, दुसऱ्यात चार चाळीस. ता मीच पुढे केलंय. त्येचो पडदो माझ्या समोर असता ना. आमच्या घराकडे घड्याळ पाच मिनटां पुढेच असता, उशीर होऊ नये म्हणान."

आबांनी कपाळाला हात लावला. माणूस चंद्रावर गेला तरी घरची सवय सोबत नेतोच.

"काका, तुम्हाला पाच मिनिटं वजा करता येतात," शाल्मली म्हणाली. "सर्व्हरला ती खरीच वाटतात."

परबांनी ओशाळून घड्याळ मागे घेतलं. शाल्मलीने नवा आकडा येण्याची वाट पाहिली आणि पाठवला. चंद्रावर जाऊन उत्तर परत यायला अडीच-तीन सेकंद लागतात, ते तिला फार लांबले. मग पडदा हिरवा झाला. तिने नळ उघडला, आणि पडद्यावर वालाच्या पानांवरचे थेंब दिसू लागले. पाचला वीस मिनिटं कमी होती.

"गो बाय, पयल्या शेंगांची उसळ माका व्हयी," परब म्हणाले.

"अर्ध्याच शेंगांची. बाकीच्या बियाण्याला ठेवायच्या आहेत. पुढचं काचगृह मंगळावर होणार आहे."

"थंयचा घड्याळ कोण लावतलो मग?"

"मी," शाल्मली म्हणाली.