तंबूपुरती जागा

सोलापूरजवळ तंबू ठोकायला धड जागा शोधणं म्हणजे लग्नाला स्थळ शोधण्यापेक्षा वाईट काम. स्थळाचा फोटो निदान त्याच माणसाचा तरी असतो. इथं मोबाइलवर हिरवळ, कंदील, शेकोटी. प्रत्यक्षात जावं तर मुरमाड रान, शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि संडासाच्या दाराला कडी नाही.

मी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. सोलापुरात सात रस्ता चौकात छोटं ऑफिस आहे. बंपर कसा चेपलाय यावरून गाडीवाला कुठं थाप मारतोय ते ओळखणं हा माझा धंदा. त्यामुळे या जागावाल्यांच्या थापा मला पहिल्या वाक्यातच कळायच्या आणि डोकं फिरायचं. श्रीदेवी, माझी बायको, म्हणायची, "अहो, एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

एकाच रात्रीचा होता, म्हणूनच माझा जीव वरखाली होत होता. आमच्या नऊ वर्षांच्या शरण्याच्या हृदयात जन्मापासून दोष. जरा भरभर चालली की ओठ निळे पडत, मग ती आहे तिथं उकिडवी बसे आणि श्वास गोळा करी. पुढच्या आठवड्यात पुण्याला ऑपरेशन होतं. त्याआधी तिला तंबूत झोपायचं होतं. दुसरा कसलाही हट्ट तिनं कधी केला नव्हता. डॉक्टर म्हणाले, शहराजवळच राहा, ऑक्सिजन सोबत ठेवा. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ऑपरेशनमधून ती उठेलच असं सांगता येत नाही. हे मी श्रीदेवीला सांगितलं नाही.

मल्लेश नावाच्या मित्रानं त्याची कॅराव्हॅन दिली. आत पलंग होता, सिलिंडर बसेल अशी जागा होती. माझी अट एवढीच, की गाडी तंबूच्या अगदी शेजारी उभी राहावी. पण मागायला गेलं की साधी गोष्टसुद्धा महाग होते.

हिप्परग्याकडच्या पहिल्या जागेची कमान इतकी ठेंगणी की कॅराव्हॅन आत जाईना. मालक खुशाल म्हणाला, "टपावरचं सामान काडा की. आन् न्हाईच जमलं तर त्या आजी म्हणाल्याच हुत्या, हितं नगं म्हणून."

"कोण आजी?"

"तुमच्याच की. परवा येऊन बगून गेल्या. गाडी घेऊन एक साहेब येतील, बारकी पोरगी हाय म्हणाल्या."

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई, गौरम्मा, कुर्डुवाडीला असतात आणि गुडघ्यांपायी जिना उतरत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या तरी आजी असतील म्हणून मी सोडून दिलं.

अक्कलकोट रस्त्यावरची दुसरी जागा मात्र पसंत पडली. सपाट जमीन, चिंचेची सावली, रुंद फाटक. पैसे भरले. शरण्यानं घरी चादरीच्या घड्याही घालून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मालकाचा, सिद्धलिंगचा, फोन आला की पैसे परत घेऊन जा. मी तडक गाडी काढली. आवाज चढवायचा हे वाटेतच ठरवलं होतं, आणि चढवला.

तो शांतपणे नोटा पुढं करत राहिला. "साहेब, वरडू नका. एक आजी आल्या हुत्या. कपाळाला इबूत, पांडरं लुगडं. म्हणाल्या, हितं त्यास्नी उतरू देऊ नका, हितं पोरगी वाचत न्हाय."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"तुमी असता तर तुमीबी ऐकलं असतं," तो म्हणाला. "माझ्या घरात लेकरं हायती."

आमच्या जाण्याला सासूबाईंचा विरोध होता, तेव्हा त्यांनीच कुणाला तरी पाठवलं, असं मी ठरवून टाकलं. तिथूनच फोन लावला आणि नको ते बोललो. पलीकडे त्या रडायला लागल्या. "जावईबापू, पोरीचं वाईट कसं बोलीन हो मी?" फोन ठेवला. राग तेवढाच राहिला, फक्त तो कुणावर काढावा ते कळेना.

तिसरी जागा मंद्रूपची. चन्नप्पा आणि कमलम्मा या नवराबायकोनं शेतातच चार तंबूंची सोय केली होती. आम्ही तिघं वेळ अमावस्येच्या, म्हणजे शेतात पूजा करून सगळ्यांना जेवू घालतात त्या येळवशीच्या, आदल्या दिवशी दुपारी जागा बघायला गेलो. ज्वारी कमरेच्या वर आलेली. पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी खोप, उभी केली होती आणि पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून वाळत ठेवले होते. फाटक रुंद. संडासाला कडी. खोट काढायला काही सापडेना, म्हणून मी आणखीच चिडलो.

"आधी सांगा," मी चन्नप्पाला म्हणालो, "कुणी आजी येऊन गेल्या का?"

"आजी? त्या तर दरसाल येतात की. येळवस चुकवत न्हाईत."

"दरसाल?"

"व्हय. माज्या लग्नाच्या आदीपासनं. त्या दिवशी कुणाला जेवल्याबिगर सोडत न्हाई आमी, पर त्या काय खात न्हाईत. निसतं तितं बसतात."

त्यानं बोट दाखवलं. लिंबाच्या पलीकडे ज्वारीत तंबूपुरता एक मोकळा चौकोन होता.

"पानी घालतात, इबूत लावतात, बेल वाहतात. समाधीला करतात तसं."

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात. मग समाधीवर हेच करतात. माझ्या आजोबांच्या समाधीवर मीही केलंय.

"कुणाची समाधी आहे ती?"

"न्हाईच की! मी सोता नांगरलंय ते रान. खाली काय न्हाई. पर त्या म्हणाल्या, ही जागा मोकळी ठेवा. म्हणून पेरत न्हाई."

"तुम्ही विचारलं नाही, कुणासाठी?"

"इचारलं एकदा. म्हणाल्या, अप्पाची हाय. त्यानीच माज्यासाटी हुडकली ही जागा."

मला हसू आलं. खोटं पकडलं की येतं तसं.

"अप्पा!"

शरण्या गाडीकडून माझ्याकडे धावत निघाली होती. लिंबापर्यंत आली आणि दमली. मग उकिडवी बसली. गुडघे पोटाशी, एक तळवा जमिनीवर टेकलेला, मान खाली.

कमलम्मा आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली.

"असंच," ती म्हणाली. "असंच बसतात त्या."

शरण्यानं मान वर केली आणि हसली. कमलम्मा तिच्याकडे बघत नवऱ्याला हळूच म्हणाली, "अदे मुखा री."

मला कन्नड येतं. तोच चेहरा, असं ती म्हणाली होती.

"त्या आजींचं वय काय असेल?" मी विचारलं.

"सत्तरी कवाच गेली," चन्नप्पा म्हणाला. "पर टणक हायती."

सत्तरी. म्हणजे माझी पोरगी म्हातारी होणार होती. मला आनंद झाला. तिथंच ओरडावं, कुणाला तरी मिठी मारावी, इतका आनंद झाला. मग माझी नजर त्या मोकळ्या चौकोनाकडे, अप्पाच्या जागेकडे, गेली.

वारा नव्हता. ज्वारी स्तब्ध उभी होती.

शरण्या पुढं सरकली होती. तिनं चपला काढल्या होत्या आणि त्या चौकोनाच्या कडेला ती अनवाणी उभी होती. समाधीपाशी काढतात तशा.

श्रीदेवीनं गाडीतून डोकं बाहेर काढलं. "काय हो? आहे का पसंत, की अजून हिंडायचं?"

अजूनही हिंडता आलं असतं. दुसरी जागा मिळाली असती. तिथंही त्या आजी येऊन काय सांगून गेल्या असत्या, ते मला माहीत होतं.

"पसंत आहे," मी म्हणालो.

कमलम्मानं तांब्या माझ्या हातात दिला. माझं पाणी पिऊन होईपर्यंत ती थांबली.

"उद्या रातच्याला किती पानं मांडू?"

"तीन."

"आन् सकाळच्या न्याहारीला?"

लांबून शरण्यानं मला हात केला. मीही केला.

"दोघी असतील," मी म्हणालो.